काटेवाडीचे रिंगण आणि रात्रभराची ओवी

आषाढ वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरच्या वाटेला लागते, तेव्हा मध्ये काटेवाडी येते. या गावात दोन प्रथा आहेत. परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि धनगर समाज आपली मेंढरे पालखीभोवती पळवतो. मेंढ्यांचे हे रिंगण काही मिनिटांत आटोपते. काळ्यापांढऱ्या पाठींचा एक लोंढा रथाभोवती फिरतो, टाळ वाजत राहतात, आणि पालखी पुढे निघते. या प्रदक्षिणेने वर्षभर कळपावर रोगराई येत नाही, अशी श्रद्धा सांगितली जाते.

हे दृश्य तुम्ही पाहिले असेलच. वारीत जाऊन पाहिले नसेल तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नक्कीच. आकाशातून ड्रोनने टिपलेले ते वर्तुळ दर वर्षी लाखो लोकांपर्यंत पोहोचते. पण ज्यांची ती मेंढरे आहेत त्यांच्याजवळ आणखी एक गोष्ट आहे. ती कोणत्याही ड्रोनला दिसत नाही, कारण ती अंधारात, बसून, रात्रभर चालते. ती म्हणजे धनगरी ओवी.

मंडळी, आजचा धागा या दोहोंतील अंतराबद्दल आहे. एखाद्या समाजाची ओळख त्याच्या गाण्यात असते असे आपण सहज म्हणून जातो. त्या गाण्यातील कोणता भाग ‘ओळख’ म्हणून मंचावर, पडद्यावर आणि मोर्च्यात पुढे येतो, कोणता मागे राहतो, आणि ही निवड नेमके कोण करते, हे बारामती-इंदापूरच्या माळावर उभे राहून पाहू. वाटेत थोडे दूर, मध्य आशियातही जाऊन येऊ.

प्रथम जमीन पाहू. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येता येता विरत जातो आणि या दोन तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच उरतो. आज बारामती म्हटले की ऊस, कारखाने आणि द्राक्षे आठवतात. पण नीरेच्या कालव्यापासून उत्तरेला सरकले की सुपे, उंडवडी, शिर्सुफळ, कडबनवाडी असा कोरडा, गवताळ माळ लागतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी आहे, तर कडबनवाडीच्या गवताळ रानात आजही लांडगे दिसतात. बारामतीच्या अलीकडे पालखी ज्या गावी थांबते त्याचे नावच ‘उंडवडी गवळ्याची’ असे आहे. गावांची नावे हा इतिहासाचा फुकट मिळणारा पुरावा असतो, आणि आपण त्याकडे फारसे लक्ष देत नाही.

अशा प्रदेशात एका जागी राहून मेंढरे जगवणे कठीण. म्हणून हटकर धनगरांनी एक वार्षिक फेरी बसवली. पावसाळ्यात पूर्वेकडील कोरड्या माळावर राहायचे, कारण मेंढीच्या खुरांना चिखल आणि संततधार सोसत नाही. दिवाळीनंतर गवत वाळले की घोड्यांवर बिऱ्हाड लादून मावळ, भोर, कोकण अशा वाटेने पश्चिमेला उतरायचे आणि मृगाच्या आधी परतायचे. पाच-दहा कुटुंबांच्या या फिरत्या वस्तीला ‘वाडा’ म्हणतात. आपल्या डोळ्यांपुढे वाडा म्हटले की दगडी चौथरा आणि दिंडीदरवाजा येतो. यांचा वाडा रोज उठून चालू लागतो. वाटेतील शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढरे बसवून घेत, लेंड्यामुताचे खत मिळे म्हणून, आणि त्याबद्दल धान्य देत. दोघांचेही त्यात भले होते.

या व्यवहाराचा गाण्याशी काय संबंध, असे वाटेल. फार जवळचा आहे. रात्री मेंढरे जाळीच्या वाघरीत कोंडली की माणसांना जागे राहावे लागे. लांडग्याचे भय असे, चोराचेही असे. जागायचे तर काहीतरी हवे. ओवी त्या जागरणात वाढली. देवाच्या यात्रेत, जत्रेत आणि लग्नकार्यात ती गायली जाई हे खरेच. तरी तिचा लांबलचक, घाई नसलेला बाज रानातल्या रात्रीला शोभणारा आहे.

ओवी कशी चालते? आरंभ ‘सुंबरान’ने होतो. सुंबरान म्हणजे स्मरण: देवांचे, गुरूंचे, ठिकाणांचे. मग मुख्य गायक आणि त्याचे साथीदार आळीपाळीने कथा पुढे नेतात. गाण्याचा एक तुकडा संपला की तोच प्रसंग बोलीभाषेत, गद्यात पुन्हा सांगितला जातो. ऐकणाऱ्याला अर्थ लागतो आणि गाणाऱ्याला श्वास घेता येतो. कथा बिरोबाची असते, धुळोबाची असते, म्हस्कोबाची असते. बिरोबाची आई सुरावंती, त्याचे बालपण, त्याचे लग्न, त्याची भांडणे असा हा विस्तार एका बैठकीत संपत नाही. ओवीतील देवही मेंढपाळांसारखेच भटकतात, त्यांना तहान लागते, त्यांना कुणीतरी जागा नाकारते, आणि शेवटी ते कुठल्यातरी माळावर ठाण मांडतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने ओवीकडे का पाहावे, याचे एकच उदाहरण देतो. पुरंदर तालुक्यात वीर येथे म्हस्कोबाचे मोठे देवस्थान आहे. कथा अशी की हा देव मूळचा परांडा तालुक्यातील सोनारीचा. कमळाजी नावाचा धनगर भक्त त्याच्या दर्शनाला जात असे. म्हातारपणी जाणे होईना, तेव्हा देवच भक्ताबरोबर वीरला आला. नकाशावर सोनारीपासून वीरपर्यंत सरळ रेघ ओढून पाहा. ती साधारण इंदापूर-बारामतीच्या माळावरून जाते. म्हणजे कथेतील देव ज्या बाजूने चालला, त्याच बाजूला मेंढरांचे रान होते. कागदपत्रांत ज्यांच्या वाटा कुणी नोंदवल्या नाहीत, त्यांनी त्या देवाच्या पायांखाली घालून जपल्या, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. पण सर्वस्वी निराधार नाही, आणि असा विचार करायला ज्याने शिकवले त्या माणसाचे नाव गुंथर सोन्थायमर.

सोन्थायमर (१९३४–१९९२) जर्मन. मूळचा हिंदू कायद्याचा अभ्यासक. एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर संस्थेवर त्याचा ग्रंथ आहे. पुढे हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवत असताना तो वर्षानुवर्षे महाराष्ट्रात येत राहिला आणि ग्रंथालय सोडून धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला, इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन तो रात्ररात्र ओव्या टिपत असे. वारीवर त्याने माहितीपटही केला. त्याच सुमारास आपल्याकडे रा. चिं. ढेरे हेच काम वेगळ्या बाजूने करत होते. १९६१ मध्ये त्यांचे ‘खंडोबा’ आले आणि १९८४ मध्ये ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’. विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवपरंपरेत शोधणारा हा ग्रंथ आहे. बिरोबाच्या जोडीने नांदणारा विठ्ठल आजही पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी पाहायला मिळतो. तेव्हा काटेवाडीला मेंढरे पालखीभोवती पळतात, तो केवळ एका जातीने केलेला नमस्कार आहे की एका जुन्या नात्याची खूण, हा प्रश्न ढेरे वाचलेल्या माणसाला पडल्याशिवाय राहत नाही.

सोन्थायमरने टिपलेल्या ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गायली तेव्हा ती धनगरांपुरती होती. पुस्तक झाल्यावर जगातील कोणत्याही विद्यापीठात ती वाचता येते. हा लाभ लहान नाही. पण पुस्तकात गाणारा थांबत नाही, खोकत नाही, समोरच्याने ‘व्हय’ म्हटले म्हणून कथा वळवत नाही.

येथे आपल्या माळावरून थोडे दूर जाऊ. गाणे टिपले गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न जगात ज्या ठिकाणी सर्वांत कठोरपणे पुढे आला, ती जागा म्हणजे चीनच्या ताब्यातील शिंजियांग आणि तेथील उइघुर समाज.

उइघुरांच्या अभिजात संगीताला ‘बारा मुकाम’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? पालखीचा ‘मुक्काम’ आणि हा ‘मुकाम’ एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत. मूळ अर्थ थांबण्याची जागा. संगीतात सुराची जागा. सगळे बारा मुकाम सलग गायचे तर वीस तासांहून अधिक वेळ लागतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी काशगरचा वृद्ध उस्ताद तुर्दी आखुन याला उरुमची शहरात बोलावण्यात आले आणि वान तोंगशू या संगीतज्ञाच्या देखरेखीखाली, तारेवर ध्वनी उमटवणाऱ्या त्या काळच्या यंत्रावर, त्याचे गायन टिपले गेले. तुर्दी आखुन १९५६ मध्ये वारला. त्याच्या गायनावर आधारलेली स्वरलिपी १९६० मध्ये दोन खंडांत छापली गेली. त्याने ते गाणे दिले नसते तर त्यातील बरेच काही त्याच्याबरोबर गेले असते, यात शंका नाही.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्या ध्वनिमुद्रणाला मानक पाठाचे स्थान मिळाले. सरकारी कलापथकांनी ते मंचासाठी आखीव केले, वृंदवादनात बसवले. १९९३ मध्ये तियानशान चित्रपटसंस्थेने ‘अमान्निसाहान’ हा चित्रपट काढला. सोळाव्या शतकात यारकंदच्या अब्दुर्रशीद खानाची राणी अमान्निसा हिने मुकाम गोळा केले, ही त्याची कथा. इतिहासाच्या वाचकांनी येथे कान टवकारावेत: या राणीची हकीकत ज्या ग्रंथातून येते तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेला. तरीही चित्रपटाने आणि स्मारकाने तिला राष्ट्रमातेसारखे स्थान दिले. समाजालाही ती हवीच होती. आपलीही एक राणी होती, तिने आपले गाणे वाचवले, ही जाणीव ज्यांच्या हाती सत्ता नाही त्यांना फार धीर देते. रेचल हॅरिस या अभ्यासिकेने हा सगळा प्रवास २००८ च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडला आहे.

२००५ मध्ये युनेस्कोने उइघुर मुकामांना मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवले. २०१० मध्ये ‘मेश्रेप’, म्हणजे गाणे, नाच, विनोद आणि गावकीचा न्यायनिवाडा एकत्र चालणारी उइघुर बैठक, तातडीने जपण्याच्या यादीत आली. आणि २०१७ पासून त्याच प्रदेशात लक्षावधी लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांत गायक होते, लेखक होते. राहिले दावुत ही शिंजियांग विद्यापीठातील प्राध्यापिका वाळवंटातील मजारींवर हिंडून यात्रेकरूंची गाणी, कथा, विधी नोंदवत असे. सोन्थायमरने आपल्या माळावर केले तेच काम, फरक इतकाच की ती स्वतःच्या समाजाची होती. डिसेंबर २०१७ मध्ये ती बेपत्ता झाली. तिला जन्मठेप झाल्याचे सप्टेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या जगाला कळले. मंचावरचे रंगीत कपड्यांतील नृत्य चालू राहिले. त्याचा अर्थ सांगणारी बाई तुरुंगात गेली.

ही तुलना फार ताणायची नाही. धनगरांवर असा कोणताही प्रसंग आलेला नाही. त्यांना मत आहे, आमदार आहेत, न्यायालयाचे दार ठोठावता येते, रस्त्यावर उतरता येते. शिंजियांगमध्ये जे सत्तेने केले त्याची आपल्याकडे उपमा शोधणे हा दोन्ही समाजांवर अन्याय होईल. मी तेथून एकच गोष्ट उचलून परत आणतो: पाहता येणारी संस्कृती आणि ऐकावी लागणारी संस्कृती यांचे नशीब वेगवेगळे असते.

आपल्याकडे ओवीच्या श्रोत्यांना कुणी हाकलले नाही. त्यांच्या पायांखालचे रान बदलले. १८७६–७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारने भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा हाती घेतला. १८८० च्या दशकात पाणी बारामती-इंदापूरकडे वाहू लागले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची साखर सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने उभे राहिले. ज्या भागाने दुष्काळात माणसे मरताना पाहिली होती तेथे उसाचे मळे डोलू लागले, हे चांगलेच झाले. त्याबद्दल कुणी गळा काढू नये. मात्र बारमाही ऊस असलेल्या रानात मेंढरे बसत नाहीत. पोत्यातून रासायनिक खत आल्यावर लेंडीखताची ओढ कमी झाली. पडीक जमीन घटली, वनखात्याच्या रोपवनांना कुंपणे पडली, वाड्यांच्या वाटा आखडल्या. बरेच धनगर कालव्याकाठी स्थिरावले, त्यांनी स्वतःच ऊस लावला, मुले शाळेत घातली. रात्री जागे राहण्याचे कारण उरले नाही. कोणत्याही गाण्याचा अंत बंदीनेच होतो असे नाही. कधी कधी लोकांना शांत झोप लागू लागते, एवढ्यानेही होतो.

त्याच काळात गजनृत्याचे मात्र भाग्य उजळले. ढोल मध्ये, भोवती रुमाल उडवणाऱ्यांचे रिंगण, झांजांचा ठेका: हे पाच मिनिटांत दाखवता येते आणि कथा ठाऊक नसली तरी अंगावर रोमांच उभे राहतात. शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने लोकनृत्ये शहरी नाट्यगृहांत नेली, आणि मग शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत घोंगडी, काठी आणि फेटा असा एक ठरीव ‘धनगर’ तयार झाला. मीही लहानपणी तो पोशाख चढवला आहे. बिरोबा कोण हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि नाच बसवणाऱ्या बाईंनाही नसावे. घोंगडी मात्र खरी होती आणि भयंकर टोचत होती.

चित्रपटांकडे वळू. मराठी साहित्यात धनगरांचे जग आणणारी महत्त्वाची कृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). माणदेशातील ती वाडी, तेथे आलेला तरुण मास्तर, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी घरे. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. दोन्ही कलाकृती प्रेमळ आहेत, संयमी आहेत. पण दोन्हींत आपण वाडीकडे मास्तरांच्या डोळ्यांनी पाहतो. मास्तर येतो तेव्हा कथा सुरू होते, तो जातो तेव्हा संपते. मेंढरे घेऊन जी माणसे निघून गेली, ती त्या रात्री कुठे उतरली, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते.

ही जागा भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ने (२०१५) भरली. ख्वाडा म्हणजे अडथळा, खोडा. येथे कॅमेरा गावात बसून धनगरांची वाट पाहत नाही, बिऱ्हाडाबरोबर चालतो. शशांक शेंडे यांनी उभा केलेला बाप, भाऊसाहेब शिंदे यांचा बाळू, त्याला असलेला कुस्तीचा नाद आणि एका जागी घर असावे ही त्याची इच्छा. समोर गावातला बलदंड माणूस, जो यांना रानात टिकू देत नाही. दिग्दर्शकाने चित्रपटासाठी स्वतःची जमीन विकली, ही गोष्ट त्या वेळी सर्वत्र छापून आली होती. भटक्यांचा चित्रपट जमीन विकून व्हावा, यातील विरोधाभास कुणाच्या नजरेतून सुटला नसेल. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही. मला हा दुसरा पुरस्कार अधिक महत्त्वाचा वाटतो. वारा, मेंढरांचे बेंबटणे, माळावरची हाक: हे आवाज स्टुडिओत बनवलेले नाहीत. सोन्थायमरच्या यंत्राने रानात जाऊन जे केले, त्याच्या जवळ जाणारे असे काही आपल्या चित्रपटात क्वचितच घडले आहे.

आता २०१४ या वर्षाकडे पाहा. योगायोग मजेदार आहे. मे महिन्यात ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि खंडोबाची धनगर पत्नी बानाई घराघरांत पोहोचली. म्हाळसा वाण्याची, बानाई धनगराची. देव बानूसाठी मेंढरे राखायला राहतो, ही कथा जागरणात आणि ओवीत पिढ्यान्‌पिढ्या रंगत आली होती. मालिकेने ती अर्ध्या अर्ध्या तासात कापून, दागिन्यांनी मढवून सादर केली. तिला नाके मुरडणारे आहेत. पण धनगर घरांतील मुलींना आपल्या जातीची देवी पडद्यावर नायिका म्हणून दिसली, ही गोष्ट मी हलकी मानत नाही.

दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, धनगर समाजाचे आंदोलन पंढरपूरहून पायी निघून बारामतीत येऊन ठेपले. उपोषण झाले. मागणी होती अनुसूचित जमातींच्या सवलतींची. महाराष्ट्राच्या यादीत ‘धनगड’ असा शब्द आहे; तो ‘धनगर’चाच लेखनभेद आहे, असा समाजाचा दावा. राज्यात त्यांना भटक्या जमाती (क) म्हणून साडेतीन टक्के आरक्षण आहे. आदिवासी संघटनांचा या मागणीला ठाम विरोध आहे आणि त्यांचीही बाजू आहे. त्या वेळी विरोधी पक्षात असलेल्या नेत्यांनी बारामतीत येऊन आश्वासने दिली. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेकडून अभ्यास करवून घेण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविषयीच्या याचिका फेटाळल्या. राजकारणात शिरण्याचा या धाग्याचा हेतू नाही. मला रस आहे तो निकषांमध्ये. १९६५ च्या लोकूर समितीने जमात ओळखण्याच्या कसोट्या दिल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक विलगता, परक्यांशी संपर्काबाबत बुजरेपणा आणि मागासलेपण.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. एका समाजाला शासनापुढे आपली संस्कृती ‘सिद्ध’ करायची आहे, आणि ती जितकी जुनी, विलग आणि बुजरी दिसेल तितकी बरी. अशा वेळी समाज काय पुढे आणणार? भंडारा, ढोल, घोंगडी, मेंढरे. म्हणून आंदोलनांत गजनृत्य होते, मेंढरे रस्त्यावर उतरतात, पिवळे ध्वज फडकतात. दुसऱ्या बाजूला अभिमानासाठी राजे-राण्या लागतात. नीरेकाठच्या होळचे मल्हारराव आणि चौंडीच्या अहिल्यादेवी यांची नावे येतात. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव मिळाले, पुढे अहमदनगरही अहिल्यानगर झाले. यारकंदच्या राणीची आठवण झाली असेल तर ती उगाच नाही. फक्त अहिल्याबाईंच्या बाबतीत समकालीन कागदपत्रांची रास उपलब्ध आहे, हा फरक लहान समजू नका.

या सगळ्यात ओवी कुठेच बसत नाही. ती मोर्च्यात गाता येत नाही, कारण तिला रात्र लागते. ती निकषांतही बसत नाही, कारण तिच्यातले धनगर बुजरे किंवा विलग मुळीच नाहीत. ते शेतकऱ्यांशी सौदे करतात, देवीशी भांडतात, पाटलाकडे जागा मागतात, बाजारात जातात, राजाच्या दरबारात उभे राहून तोंड सोडतात. ओवीतील समाज साऱ्या मुलुखाशी गुंतलेला आहे. शासनाला हवी असलेली संस्कृती आणि त्या समाजाने स्वतःबद्दल रात्रभर सांगितलेली गोष्ट यांत इतके अंतर पडते, आणि अर्ज भरायच्या वेळी दुसरी गोष्ट घरी ठेवून यावी लागते.

तिला मात्र एक नवे घर मिळाले आहे. यूट्यूबवर ‘धनगरी ओवी’ असे शोधा. तासदीड तासाची ध्वनिमुद्रणे सापडतील. चित्र बहुधा स्थिर असते किंवा कुणाच्या तरी हाती थरथरणारे, प्रकाश वाईट, मागे जनरेटरचा आवाज. शहरी प्रेक्षक दोन मिनिटांत बंद करील. खाली प्रतिक्रिया वाचल्यात तर ऐकणारे कोण आहेत ते समजेल: कुणी बिरोबाच्या नावाने चांगभलं लिहितो, कुणी गायकाच्या गावाचे नाव विचारतो. पूर्वी ध्वनिफितींनी हेच काम केले. रानात दिवसभर मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला दोन तासांचे गाणे लांब वाटत नाही.

या वर्षी आषाढात काटेवाडीला जाणार असाल तर रिंगण जरूर पाहा, छायाचित्रही काढा. पालखी सणसरकडे गेली की गर्दी तिच्यामागे जाते आणि रस्ता मोकळा होतो. मेंढरे मागेच राहतात. त्यांच्याबरोबर असलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना राम राम घाला, आणि सुंबरान येते का, एवढेच विचारा. येत असेल तर बसायची तयारी ठेवा, कारण ते पाच मिनिटांत संपवणार नाहीत.